एका पाखाडीची वही: आमदार निधी, डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात मी बसतो. पत्रं घ्यायची, पत्रं द्यायची, फोन उचलायचे आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणायचं. एक काम, एका वाडीची पाखाडी म्हणजे उतारावरची दगडी पायऱ्यांची वाट, मागणीच्या पत्रापासून शेवटच्या पायरीपर्यंत लिहून ठेवावं, असं या वर्षी ठरवलं. दुसऱ्या मतदारसंघात माझ्यासारखे बसणारे आहेत. वाडीत 'तू पत्र घेऊन जा' असं ज्याच्या गळ्यात पडतं तो पोरगाही आहे. त्यांना उपयोग होईल. गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गाव लहान आहे आणि सातबारावरची भांडणं मोठी आहेत.

२८ डिसेंबर २०२४

नागपूरचं अधिवेशन २१ तारखेला संपलं, साहेब काल गावी आले. आज कपाट उघडलं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा जी पत्रं जिथे होती तिथेच पडून आहेत. मोजली: ४१२. त्यातली काही एकाच कामाची, तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर. एकाच्या पाठीवर लग्नाच्या जेवणाचा हिशेब.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी. २०२२ च्या अर्थसंकल्पात ४ चे ५ झाले. आमच्या मतदारसंघात साधारण १६० ग्रामपंचायती. भागाकार केला की एका ग्रामपंचायतीला ३ लाख साडेबारा हजार येतात, आणि एकेका ग्रामपंचायतीत आठ-दहा वाड्या. हा आकडा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काचेखाली सरकवला. येणाऱ्याला तो दाखवला की आवाज जरा खाली येतो.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. २०२२ च्या मार्चपासून जिल्हा परिषदेवर प्रशासक आहे. जिल्हा परिषद सदस्य नाहीत, पंचायत समितीचे सदस्य नाहीत. पूर्वी जी कामं त्यांच्याकडून व्हायची ती सगळी आमच्या दारात. ट्यूबलाइट बंद पडली तरी आमदार.

६ जानेवारी २०२५

पहिली चूक. पत्रं कशी लावायची हे ठरत नव्हतं, म्हणून ज्या पत्रावर सह्या जास्त ते काम वर, असं केलं. लोकशाही वाटली मला ती. चार दिवस घालून यादी केली आणि साहेबांपुढे ठेवली. पहिल्या तीसात बावीस सभामंडप.

साहेबांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "या सह्या कुठे झाल्या रे?"

कुठे होणार? मुंबईत. वाडीच्या मुंबईकर मंडळाची मीटिंग होते, कागद फिरतो, दीडशे सह्या होतात. त्यात वाईट काही नाही, गावावर जीव आहे म्हणूनच करतात. पण पाखाडी रोज चढतो तो म्हातारा मुंबईच्या मीटिंगला नसतो. त्याच्या पत्रावर चार सह्या आणि दोन अंगठे. माझ्या यादीत ते पत्र ३४० च्या पुढे होतं.

चार दिवस वाया. नवी पद्धत: सह्या मोजायच्या नाहीत. हे काम आज गावात राहणारी किती माणसं रोज वापरतील, आणि ते नसलं तर काय अडतं, एवढंच विचारायचं. फोनवर नाही. जाऊन.

१९ जानेवारी

ते चार सह्यांचं पत्र ज्या वाडीचं आहे तिथे गेलो. डांबरी रस्ता वर सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला संपतो, वाडी खाली वहाळाच्या (ओढ्याच्या) अंगाला. १९ घरं, त्यातल्या आठांना कुलूप. मधला उतार ओबडधोबड दगडांचा. पूर्वी कुणीतरी पायऱ्या केल्या होत्या, आता निम्मे दगड निखळलेत. पावसाळ्यात त्यातूनच पाणी वाहतं.

'१०८' ची गाडी वरच्या रस्त्यापर्यंत येते. तिथपर्यंत माणसाला कसं आणतात, विचारलं. एका घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून दाखवली. दोन्ही बाजूंना बांबू बांधायला दोरीचे वळसे तसेच ठेवलेले, सोडतच नाहीत. गेल्या पावसात या खुर्चीतून तिघं वर गेली. उचलायला चार माणसं लागतात. वाडीत साठीच्या आतले पुरुष पाच.

टेपने उतार मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी मोबाइलवर अंदाज घेतला: वरपासून खालपर्यंत उंचीतला फरक सुमारे २१ मीटर.

परत येताना आणखी एका वाडीत थांबलो. तिथली मागणी विंधन विहिरीची. जल जीवन मिशनचे नळ दारात उभे आहेत, तोटी फिरवली की हवा येते. विहीर खणून झाली, वर टाकी झाली, मधली पाइपलाइन अर्धी. बिलं मिळत नाहीत म्हणून ठेकेदार थांबलाय. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची यादी करावी लागते. ते काम या वहीत नाही. ते लिहायला दुसरी वही लागेल.

२६ जानेवारी

ग्रामसभा. पाखाडीचा ठराव झाला. सरपंचताईंनी स्वतः विषय मांडला. एकाने विचारलं, "सभामंडपाचं काय?" ताई म्हणाल्या, "आधी माणूस सभेपर्यंत चढून येऊ दे." ठरावाची नक्कल त्याच दिवशी सही-शिक्क्यानिशी घेतली. ही सवय लावा. नंतर ग्रामसेवक रजेवर असतात, शिक्का कपाटात आणि किल्ली तालुक्याला. (त्यांच्या पदाचं नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय. गावात अजून ग्रामसेवकच.)

३ फेब्रुवारी

ठराव आणि साहेबांचं शिफारसपत्र घेऊन शाखा अभियंत्यांकडे. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तेवीस नंबरला आहे?"

नव्हती. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या रस्त्यांची नोंदवही म्हणजे नमुना नंबर २३. चार पिढ्या लोक त्या वाटेने चालतायत, पण वहीत वाट नाही. म्हणजे जागा खाजगी, आणि खाजगी जागेत सरकारी पैसा पडत नाही. ही माझी दुसरी आणि सगळ्यात मोठी चूक. तेवीस नंबर आणि सातबारा हे ठरावाच्या आधी बघायचे असतात. उरलेल्या ४११ पत्रांतल्या अर्ध्याहून जास्त कामांची हीच गत असणार, हे त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढला, १५ रुपये. पाखाडी दोन गटांतून जाते. एका गटात एकच मालक, तो तयार. दुसऱ्यात २३ नावं, सामायिक. त्यातले सहा वारले, वारस नोंद नाही. उरलेल्यांपैकी गावात राहतात तिघं. बाकी डोंबिवली, नालासोपारा, भांडुप, आणि एक जण बडोद्याला.

११ फेब्रुवारी ते ५ मार्च

फोनाफोनी. याबद्दल फार लिहीत नाही. दोन भावांचं सतरा वर्षं बोलणं नाही. एकाने सही केली हे कळल्यावर दुसरा करणार नाही, आणि नाही केली हे कळलं तरी करणार नाही. तिसऱ्याने विचारलं, पाखाडी झाल्यावर पुढे रस्ता रुंद करून गाडी नेणार का? तशी कलमं टाकायला सांगितली. पाखाडीची रुंदी दीड मीटर, जागेचा मालकी हक्क तसाच, वापर सार्वजनिक, अशी तीन वाक्यं संमतीपत्रात घातल्यावर तो शांत झाला. पुढच्यांना सल्ला: रुंदी आकड्यात लिहा. 'रस्त्याकरिता जागा' असं मोघम लिहिलं की माणूस बिचकतो, आणि त्याचं बरोबर आहे.

सगळ्यांना एकत्र गाठायचा एकच मुहूर्त होता, शिमगा.

१० मार्च

राज्याचा अर्थसंकल्प. कार्यालयात टीव्ही लावला होता, आठ-दहा जण बसलेले. सात लाख कोटींच्या घरातला खर्च, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर, लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी. संगमेश्वरला संभाजी महाराजांच्या स्मारकाची घोषणा झाली तेव्हा सगळ्यांनी मान वर केली. एक काका म्हणाले, "आमची पाखाडी आली काय त्यात?"

हा प्रश्न मला वर्षभर येतो, म्हणून इथे नोंदवतो. पाखाडी भाषणात येत नाही. मोठे रस्ते-पूल सार्वजनिक बांधकामच्या लेखाशीर्षात (खर्चाच्या खात्यात), ५०५४ किंवा ३०५४. गावातली मूलभूत सुविधांची कामं ग्रामविकासच्या २५१५ मध्ये. जिल्हा वार्षिक योजनेचं बजेट जिल्हा नियोजन समितीत ठरतं, तिथे अध्यक्ष पालकमंत्री. आणि आमदार निधीची प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. एकच काम चार दारांनी आत जाऊ शकतं. नेमक्या याच गोष्टीने मी पुढच्याच दिवशी तोंडावर पडलो.

११ मार्च

फाइल परत. शेरा: 'सदर काम अन्य योजनेतून प्रस्तावित असल्याचे दिसते.' शोधलं तर वाडीच्याच मंडळाने दोन वर्षांपूर्वी हीच पाखाडी २५१५ मधून मागितली होती, आणि तेव्हा त्यांना शिफारसपत्र दिलं होतं ते आमच्याच कार्यालयाने. माझ्याच हस्ताक्षरातला जावक क्रमांक. मी विसरलो होतो.

आता दाखला हवा: हे काम इतर कोणत्याही योजनेतून मंजूर नाही, पूर्वी झालेलं नाही. तो मिळवायला सतरा दिवस गेले, कारण जिथून तो मिळतो तिथे सगळे मार्चअखेरच्या बिलांत बुडालेले. कुणाला दोष देत नाही. मार्चमध्ये दाखला मागायला जाणारा मीच शहाणा.

१५ मार्च, शिमगा

होळी १३ ला झाली, आज पालखी खालच्या वाडीत. सकाळी साडेसातला पोचलो. पाखाडीच्या वरच्या टोकाला एका घराच्या पडवीत टेबल टाकलं. पालखी खांद्यावर घेऊन पोरं त्याच निखळलेल्या दगडांवरून उतरत होती. एकाचा पाय सटकला, मागच्याने खांदा दिला, ढोल क्षणभर थांबला आणि परत सुरू. सह्या मागायला याहून चांगली वेळ मी शोधूनही काढली नसती.

दुपारपर्यंत चौदा सह्या. न बोलणारे दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी आले. दोघांच्या मध्ये मी त्यांच्या पुतण्याला उभा केला होता. मेलेल्या सहांच्या वारसांच्या सह्या नावं-नाती लिहून घेतल्या. बडोद्याचे गृहस्थ आले नव्हते, त्यांनी सही करून कुरिअरने पाठवायचं कबूल केलं (पाठवलं, नऊ दिवसांनी).

खर्चाची चूक: मी सहा स्टॅम्प पेपर घेतले होते, घराण्यागणिक एक. ऑक्टोबरपासून शंभरचा स्टॅम्प गेला, आता ५०० चा. म्हणजे ३,००० रुपये. दुसऱ्या दिवशी वकिलांनी सांगितलं, एकाच संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या चालल्या असत्या. २,५०० रुपये पाण्यात. ते मी भरले, साहेबांना सांगितलं नाही. आता वाचतील.

१९ मार्च

साहेबांना सभागृहात ग्रामविकासच्या मागणीवर बोलायचं होतं. मी चार पानं लिहून दिली: साकव (ओढ्यावरचे छोटे पूल), पाखाड्या, खाडीकाठचे धूपप्रतिबंधक बंधारे, टँकर. त्यांना वेळ मिळाला चार मिनिटं. त्यांनी माझी चार पानं बाजूला ठेवली आणि खुर्चीची गोष्ट सांगितली, बांबूच्या दोरीसकट. नंतर फोनवर म्हणाले, "आकडे कमी दे, वस्तू दे." तेव्हापासून मी पत्रासोबत फोटो मागतो.

२९ मार्च

प्रशासकीय मान्यता मिळाली. ५ लाख रुपये. संध्याकाळी पेढे आणले. ठेकेदार येईपर्यंत पेढे आणू नयेत हे मला माहीत असायला हवं होतं.

२४ एप्रिल

कुणी काम घ्यायला तयार नाही. तिघांनी जागा पाहिली आणि परत गेले. चौथ्याने कारण सांगितलं: अंदाजपत्रकात 'लीड' धरलेलाच नाही. चिरा, म्हणजे जांभ्या दगड, गाडीने येतो तो वरच्या रस्त्यापर्यंत. तिथून खाली डोक्यावरून. सिमेंट, वाळू, पाणीसुद्धा. माल वाहायची मजुरी कामाच्या मजुरीएवढी होते आणि कागदावर ती शून्य. अभियंत्यांनी अंदाजपत्रक टेबलावर बसून केलं असा माझा समज झाला होता. नंतर कळलं, जागेच्या नकाशात मीच रस्ता वाडीपर्यंत दाखवला होता. घाईत काढलेली रेघ.

रक्कम वाढत नाही, मान्यता पाच लाखांचीच. मग तोडगा: चिरे वाहायचं काम वाडी श्रमदानातून करेल, मुंबईकर मंडळ शनिवार-रविवार पोरं पाठवेल. सभामंडपासाठी दीडशे सह्या करणारं ते हेच मंडळ. दोन शनिवार बावीस जण आले, पहाटेच्या गाडीने, आणि सोमवारी कामावर. माझं जानेवारीतलं मत मी इथे अर्धं मागे घेतो.

१२ मे

काम सुरू. पहिल्या आठ पायऱ्या झाल्या तेव्हा वरच्या घरातल्या आजी काठी टेकत बघायला आल्या. एक पायरी चढल्या, दुसरीवर थांबल्या. मग काठी पायरीला टेकवून तिच्यावर अंगठ्याने खूण केली आणि ती खूण आपल्या गुडघ्याला लावून मला दाखवली.

"येवढी उंच केलास तर मी वर कशी येऊ रे? माझ्यासाठी करतोस की बकरीसाठी?"

नकाशात पायरी नऊ इंचांची. चिरा उभा लावला की नऊ इंच भरतात, पायऱ्या कमी लागतात, पैसे वाचतात. २१ मीटरला ९२ पायऱ्या. आडवा लावला तर सात इंच, आणि पायऱ्या ११८. मिस्त्री म्हणाला, सात इंचांत पैसे पुरणार नाहीत. हिशेब केला: निधीत ८६ पायऱ्या बसतात, वरच्या ३२ उरतात. वरचा तुकडा जरा सपाट आहे. अभियंत्यांना फोन केला, ते आले, स्वतः चढून पाहिलं आणि बदल लिहून दिला. झालेल्या आठ पायऱ्या उखडल्या. एक दिवस आणि आठ पायऱ्यांची मजुरी गेली. आजींनी उखडताना पाहिलं आणि चहा पाठवला.

२१ मे

६१ पायऱ्या झाल्या होत्या. काल दुपारी शेवटच्या नऊंवर सिमेंटचा कोबा घातला आणि रात्री आभाळ फाटलं. मे महिन्यात असा पाऊस आमच्या मिस्त्रीने पाहिलेला नाही. सकाळी गेलो तर कोब्याचं सिमेंट खाली वहाळात, वर नुसती खडी. प्लास्टिक अंथरलं होतं, पण उताराचं पाणी खालून शिरलं.

२६ मे

पाऊस थांबला नाही. मोसमी पाऊस आजच कोकण ओलांडून मुंबईत पोचला, जूनचे दहा-बारा दिवस आमच्याकडून कापून घेतले. वेळापत्रक मी १० जूनपर्यंतचं केलं होतं. काम बंद. उरलेल्या सिमेंटच्या अकरा गोण्या शाळेच्या पडवीत ठेवल्या, त्यातल्या चार दगड झाल्या. नुकसान ठेकेदार आणि मंडळाने अर्धं-अर्धं वाटून घेतलं. ते कागदावर कुठेच नाही.

इथे एक चांगली गोष्टही कळली. आधीच्या बावन्न पायऱ्यांचा कोबा टिकला, पण काही गुळगुळीत होता, काही खरखरीत. गुळगुळीत पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरलं. खरखरीत म्हणजे जिथे पोरांनी ओल्या कोब्यावर खराट्याने आडवे ओरखडे मारले होते त्या. तिथे पाय धरतो. आता सगळ्या पायऱ्यांना खराटा.

१० जुलै

पावसाळी अधिवेशन चालू आहे. पहिल्याच दिवशी ५७ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरचा जादा खर्च) आल्या. दिवसाला तीन फोन: "आमचं काम पुरवणीला लागलं का?" यादी बघून सांगतो. आपल्या ३२ पायऱ्या पुरवणीत मागायच्या नाहीत, असं ठरवलं. ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून त्या बसतात, आणि तो निर्णय गावातच होतो. सरपंचताईंनी आराखड्यात घेतल्या.

२८ ऑगस्ट

काल गणपती आले. डोक्यावर मूर्ती घेऊन लोक खालून ५२ पायऱ्यांवरून सरळ, मग नऊ खडीच्या पायऱ्या, मग तोच जुना चढ. नऊंवर गोणपाट टाकलं होतं. एकाने मला हाक मारली, "ओ साहेबांचे साहेब, उरलेलं गौरीपर्यंत होईल ना?" हसण्यावारी नेलं. गौरी तीन दिवसांवर.

३ नोव्हेंबर

पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत रेंगाळला. आज काम परत सुरू. नऊ खडीच्या पायऱ्या फोडून नव्याने.

२२ नोव्हेंबर

८६ झाल्या. वरच्या ३२ पैकी अकरा. उजवीकडे रेलिंगचा पाइप बसवला, फक्त जिथे वळण आहे तिथे. बाकीचा पैसा नव्हता. आजींनी वळणावर पाइप धरला, हलवून पाहिला. पाइप हलला. मिस्त्रीने तिथल्या तिथे पाया आणखी एक फूट खोल खणला.

हिशेब, पुढच्यांसाठी. मंजूर ५ लाख. माझ्या खिशातून: जादा स्टॅम्प २,५००, सातबारे आणि झेरॉक्स ४६०, पेट्रोल मोजलेलं नाही. ठरावापासून आजपर्यंत ३०० दिवस. प्रत्यक्ष काम चाललं ते त्यातले साधारण तीस. उरलेल्यांतले सव्वापाच महिने पावसाचे, बाकी जवळजवळ सगळे सातबारा, तेवीस नंबर आणि एका दाखल्याचे.

मोजमाप पुस्तकात ८६ पायऱ्यांची नोंद झाली, सही बाकी आहे. सही झाली की बिल जाईल, बिल गेलं की ठेकेदार फोन उचलेल आणि उरलेल्या एकवीस पायऱ्यांचे चिरे येतील. मंगळवारी परत जायचंय. खुर्ची अजून त्याच घरात आहे, दोरीसकट.